मे महिन्यातलं सोलापूर : कडक भाकरी, कुरडया आणि उजनीची मासळी

सोलापूरला कधी जावं असं विचारलं की जो तो डिसेंबर-जानेवारी सांगतो. हुरडा असतो, सिद्धेश्वरची गड्ड्याची जत्रा असते, हवाही बरी असते. सगळं खरं. पण घरचं सोलापूर खायचं असेल तर मे महिन्यात जावं, हे मी यंदा जाऊन आल्यावर ठामपणे सांगते. पारा ४२-४३ च्या आसपास, दुपारी रस्ते ओस, आणि तरी प्रत्येक गच्चीवर काही ना काही वाळत घातलेलं. या गावाने उन्हाशी भांडण मांडलेलं नाही, त्याला कामाला लावलंय.

माझी ताई सोलापूरला दिलेली. अशोक चौकाच्या पुढे, पूर्व भागात तिचं घर. घरात तिच्या सासूबाई, ज्यांना अख्खी गल्ली अक्का म्हणते, भावोजी, मुलं, आणि सुट्टीत येऊन-जाऊन असणारे नातेवाईक. आम्ही रत्नागिरीहून आई, मी, नवरा आणि आमचा मुलगा असे निघालो.

शनिवार : आंबा घाटातून काळ्या रानात

पहाटे अंधारातच निघालो. डिकीत हापूसच्या पेट्या आणि आईने बांधलेला सुक्या मासळीचा पत्र्याचा डबा. १ जूनपासून समुद्रातली मासेमारी बंद होते, त्यामुळे मे म्हणजे आमच्याकडे बेगमीचा महिना. आईने स्वतःपुरतं भरून झाल्यावर अक्कांसाठी बोंबील, सोडे (सोललेली सुकी कोळंबी) आणि जवळा वेगळा काढला होता. डब्याला पिशव्या गुंडाळल्या होत्या तरी गाडीभर वास दरवळत होता. आंबा घाट, कोल्हापूर, मिरज हा रस्ता सगळ्यांच्या ओळखीचा, त्यावर वेगळं लिहीत नाही.

सांगोल्यानंतर जमीन बदलते. डाळिंबाच्या बागा मागे पडतात आणि मंगळवेढ्याचं काळं रान सुरू होतं. रसवंतीवर थांबलो तेव्हा मुलगा शेजारच्या शेतात उतरला आणि ओरडत परत आला, कारण भेगेत त्याचा हात कोपरापर्यंत गेला होता. रसवंतीवाले काका हसले. म्हणाले, "ही भेग पडायलाच पाहिजे, बाळ. रान तापल्याबिगर जवारी येत न्हाई." इथली ज्वारी रब्बीची. पावसाळ्यात जमिनीने जेवढी ओल धरली तेवढ्यावर आणि थंडीतल्या दवावर ती येते. मंगळवेढा म्हणजे ज्वारीचं कोठार, आणि इथल्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकनही आहे. दुष्काळात सरकारी कोठारं लोकांसाठी खुली करणाऱ्या दामाजीपंतांचं हे गाव. ते रान बघितल्यावर या भागात धान्याला एवढा मान का, हे सांगावं लागत नाही.

दुपारी घरी पोचलो तेव्हा अंग भट्टीतून काढल्यासारखं झालं होतं. अक्कांनी फ्रिजचं पाणी मागू दिलं नाही. आधी गुळाचा खडा आणि माठातलं पाणी. हातपाय धुऊन पंख्याखाली बसून घाम सुकला, मग ज्वारीची आंबील आली. रात्री पीठ ताकात भिजवून ठेवायचं, सकाळी ते पाण्यात शिजवायचं, गार झाल्यावर त्यात पुन्हा ताक, ठेचलेला लसूण, जिरं आणि मीठ. पातळ, किंचित आंबट. दोन पेले पोटात गेले आणि कानशिलांतली ठणठण थांबली.

जेवण तासाभराने. ताटात पहिल्यांदा कडक भाकरी. दुकानातल्या पुड्यातली आम्ही खाल्ली होती, घरची पहिल्यांदाच. ज्वारीची भाकरी शक्य तितकी पातळ थापायची, तव्यावर भाजायची आणि मग मंद आचेजवळ उभी करून तिच्यातला पाण्याचा अंश काढून टाकायचा. मोडली की टणत्कार होतो. सोबत उखळात कुटलेली शेंगांची चटणी. इथली चटणी कोरडी भुकटी नसते. भाजलेले दाणे, लसूण, लाल तिखट, जिरं, मीठ एकत्र इतकं कुटतात की दाण्याचं तेल सुटून चटणीचा ओलसर गोळा होतो. त्यावर घट्ट दही, कच्चा कांदा, काकडीची कोशिंबीर. शिजवलेलं म्हणाल तर नुसती दाण्याची पातळ आमटी. या उन्हात चुलीपुढे कमीत कमी उभं राहायचं आणि तरी पाहुण्याचं ताट भरलेलं दिसलं पाहिजे, याचा विचार त्या ताटात होता. आई दोनदा म्हणाली, "पोट भरलंय, पण जड वाटत नाही." अक्का तिला म्हणाल्या, "मग खा की अजून, काय लाजायलाव!"

उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी एक पाळावं. दुपारी बारा ते पाच घराबाहेर पडायचं ठरवूच नये. गावही तेव्हा बंदच असतं. पहाटे पाच ते दहा आणि संध्याकाळी सहानंतर सगळी कामं उरकतात. आणि नळाला रोज पाणी येत नाही, तेव्हा कोणाच्या घरी उतरलात तर कोकणातल्यासारखी दोन-दोनदा आंघोळ करू नका. तांदूळ-भाज्या धुतलेलं पाणी ताई बादलीत साठवते आणि सूर्य मावळला की तेच गच्चीवर शिंपडते. तासाभरात फरशी निवते, मग त्यावर अंथरुणं. शेजारच्या कापड विणायच्या मागांची खटखट रात्री उशिरापर्यंत चालू असते. पहिली झोप लागेपर्यंत त्रास झाला, पुढे सवय झाली.

रविवार : उजनीच्या काठावर

आमच्या घरात मासळीवाचून दोन दिवस गेले की आई कासावीस होते. भावोजींना ते ठाऊक, म्हणून त्यांनी रविवारचा बेत उजनीचा ठेवला होता. उजाडायच्या आत पुणे रस्त्याला लागलो. मोहोळ लागलं तेव्हा त्यांनी सांगितलं की मालदांडी ३५-१ हे ज्वारीचं गाजलेलं वाण इथल्याच संशोधन केंद्रातलं. आदल्या दिवशी ताटात जे होतं त्याचा असा पत्ता लागला. टेंभुर्णी, इंदापूर ओलांडून दोन-सव्वादोन तासांत पळसदेवच्या बाजूने पाण्याकडे उतरलो.

भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पुरं झालं. एकूण साठा ११७ टीएमसीच्या घरात, पण त्यातला ६३ टीएमसी मृतसाठा. पाणी त्याच्याही खाली गेलं की धरण "मायनस"मध्ये गेलं म्हणतात. मे महिन्यात सोलापुरात कुठेही उभे राहा, "उजनी मायनसमध्ये गेलं का?" हा प्रश्न कानावर पडतोच. पाणी पार मागे हटलं होतं. पळसनाथाचं जुनं देऊळ, जे भरल्या धरणात बुडालेलं असतं, ते शिखरासकट उघडं पडलं होतं. मऊ गाळ सुकून त्यावर पायवाट झाली होती.

काठावर एक भोई जोडपं जाळं झाडत होतं. बाई मासे निवडून क्रेटमध्ये टाकत होत्या, तिचा नवरा जाळ्याच्या आसात, म्हणजे भोकांत, अडकलेला एकेक सोडवत होता. रोहू, कटला, ढिगाने चिलापी, एक लांबलचक वाम. आई सरळ त्यांच्या शेजारी उकिडवी बसली आणि मासे हातात घेऊन कल्ले उघडून बघायला लागली. त्या बाईंनी ओळखलं. "तुमी समुद्राकडच्या हाय काय?" त्यानंतर दोघींचं अर्धा तास बोलणं. मासा गाळात राहतो, त्याचा वास कसा काढायचा, उन्हात तो किती वेळ टिकतो, पोरं या धंद्यात आहेत का. त्यांचे यजमान सांगत होते की पाणी आटलं की मासा थोडक्या पाण्यात गोळा होतो आणि जाळं भरतं, पण बारीक आसाच्या जाळ्यांनी पिल्लंही निघून जातात आणि पुढच्या वर्षी हाल होतात. आमच्या बंदरावर हेच ऐकते मी. दर्या असो की धरण, बारीक जाळं सगळीकडे उद्याचं खाऊन टाकतं, आणि त्याची झळ आधी लहान होडीवाल्याला बसते.

चिलापी हा मूळचा आफ्रिकेतला मासा. आता उजनीत तो इतका माजलाय की रस्त्यावरच्या सगळ्या ढाब्यांच्या पाट्यांवर त्याचंच नाव. आमच्याकडे त्याला कोणी हात लावणार नाही, आई आधी नाक मुरडत होती. पण अकराच्या सुमाराला एका ढाब्यावर तव्यावरून थेट ताटात आलेली चिलापी तिने काट्यापर्यंत साफ केली. अंगावर आडव्या चिरा, त्यांत मसाला ठासलेला, बाहेरून कुरकुरीत, आत पांढरं फटफटीत मांस. सोबत लालभडक रस्सा, ज्वारीची गरम भाकरी, कांदा, लिंबू. रस्सा तिखट आहे, मुलांसाठी आधीच सांगून कमी तिखट करून घ्या. आणि गर्दी व्हायच्या आत, बाराच्या आधी जेवून घ्या, कारण दुपारनंतरचा मासा बर्फातला असतो.

घरी न्यायला मासळी घ्यायची असेल तर मरळ घ्यावी. हा मासा हवेतूनही श्वास घेतो, त्यामुळे पिंपात जिवंत विकतात, आणि ओल्या गोणपाटात गुंडाळला तर तासन् तास जिवंत राहतो. मे महिन्यातल्या उन्हात शंभर-सव्वाशे किलोमीटर न्यायला याहून भरवशाची मासळी नाही. बाकीची घेतलीत तर थर्माकोलचा खोका आणि बर्फ बरोबर ठेवा. इंदापूर आणि भिगवणला सकाळी लिलाव होतात, जास्त घ्यायची असेल तर तिकडे.

संध्याकाळी गच्चीच्या कोपऱ्यात वीट मांडून चूल पेटली. मरळ विलक्षण बुळबुळीत, हातात ठरत नाही. अक्कांनी मूठभर राख तिच्या अंगाला चोळली आणि मग ती मुकाट्याने विळीवर आली. तुकड्यांना मीठ, हळद, लिंबू लावून अर्धा तास ठेवले, पाणी सुटलं ते टाकून दिलं, पुन्हा धुतलं. गाळाचा वास तिथेच संपला. अक्कांचं कालवण म्हणजे कांदा आणि सुकं खोबरं विस्तवावर काळसर भाजायचं, त्यात तीळ, लसूण, घरचं काळं तिखट, शेवटी चिंचेचा कोळ. आईने चिलापी तळायला घेतली. रत्नागिरीहून आगळाची, म्हणजे कोकमाच्या रसाची, बाटली आणली होती, तांदळाचं पीठ घरात नव्हतं. अक्कांनी ज्वारीच्या पिठाचा डबा पुढे सरकवला. मासा त्यात घोळवला आणि तो असा काही खुसखुशीत झाला की आईने दुसऱ्या घाण्याला विचारलंही नाही, तेच पीठ वापरलं. आमच्याकडे आता बांगड्यालाही तेच लावतोय.

जेवायला भावोजींचे भाऊ, त्यांच्या बायका, आतेबहिणी, सगळ्यांची पोरं. आधी पोरं, मग पुरुष, मग बायका असं व्हायचं होतं, पण अक्कांनीच सांगितलं, "पाव्हण्या आल्यात, सगळेच बसा." गच्ची गार झाली होती, गोल पंगत बसली. शेजारच्या वहिनी घरातून पातेलं घेऊन आल्या. हे पद्मशाली विणकर कुटुंब, पिढ्यांपूर्वी तेलंगणातून मागावर काम करायला आलेलं. घरी तेलुगू, भाजीवालीशी कानडी, अक्कांशी मराठी. त्यांच्या पातेल्यात पच्ची पुलुसू होतं. चिंचेचं पाणी, बारीक चिरलेला कच्चा कांदा, भाजून चुरडलेली हिरवी मिरची, तिळाचं कूट, कोथिंबीर, चवीला गूळ. शिजवायचं काही नाहीच, गारच वाढतात. भातावर घेतलं आणि मला आमच्या सोलकढीची जागा सापडली. तिखट माशानंतर त्याने तोंड असं निवतं की मी वाटीने प्यायले.

सोमवार : सिद्धेश्वर आणि कुरडया

सोमवारी घरात मासळी-मटण नाही. पहाटे सिद्धेश्वरच्या देवळात गेलो. तळ्याच्या मधोमध देऊळ, चारी बाजूंनी पाणी, आणि पलीकडे भुईकोट किल्ल्याचे बुरूज. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांनी हा तलाव खोदवला असं सांगतात. कोरड्या मुलखात संताने आधी पाण्याचं काम हाती घ्यावं, हे मला फार मोठं वाटलं. सात वाजेपर्यंत तिथला वारा गार असतो, त्यानंतर फरशी पायाला चटके देते.

परतलो तेव्हा गच्चीवर कुरडयांची धांदल. गहू तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, वाटून सत्त्व काढलेलं होतं. मोठ्या पातेल्यात त्याचा चीक शिजत होता. एक बाई ढवळायला, एक आच बघायला, कारण क्षणभर हात थांबला की गुठळ्या. पांढरा चीक हळूहळू काचेसारखा चकाकायला लागला आणि उलथण्यावरून जाड धारेने उतरला, तेव्हा अक्का म्हणाल्या, "झालं." पहिल्या वाट्या पोरांना, गरम चीक आणि त्यावर दूध-साखर. मोठ्यांना त्यावर कच्चं तेल आणि मीठ. माझ्या मुलाने तीन वाट्या खाल्ल्या. मग सोऱ्यातून प्लास्टिकच्या कागदावर कुरडया पडायला लागल्या. आठच्या आत सगळ्या घालून झाल्याच पाहिजेत, म्हणजे दुपारचं कडक ऊन त्यांना पुरतं. आईने दोन-चार घातल्या, वेढे वाकडे आले, पण कोणी त्या मोडल्या नाहीत.

त्या गच्चीवर बसून मी बघत होते. एका बाजूला कुरडया, पलीकडे सांडगे, दोरीवर शेजाऱ्यांचे टॉवेल, आणि कोपऱ्यात सुपात आमचे बोंबील, वाटेत ओलावा धरला असेल म्हणून अक्कांनी पुन्हा उन्हात टाकलेले. आमच्या दारात मे महिन्यात मासळी, आमसुलं, आंबोशी, फणसाची साठं वाळतात. इथे गहू आणि डाळी. पावसाळ्याची काळजी दोन्हीकडे सारखीच, ऊन मात्र सोलापूरचं जास्त कसदार. आमची कोकमं ढग आला की घरात पळवावी लागतात, इथे कोणी आकाशाकडे बघतही नाही.

रात्री आमरस. आमचे हापूस पिकले होते, पण अक्कांनी नुसता हापूस करू दिला नाही. बाजारातून गावरान रायवळ आणवले, हाताने पिळले आणि दोन्हींचे रस एकत्र केले. हापूसचा गर आणि रायवळाचा पातळपणा, आंबटपणा. वाढताना वर चिमूटभर सुंठ आणि चमचाभर तूप. रत्नागिरीच्या माणसाने हे कबूल करणं सोपं नाही, पण असा रस मी घरी कधी खाल्ला नव्हता. सोबत गेल्या वर्षीच्या कुरडया तळलेल्या, पाटावर वळलेल्या शेवया, पोळ्या. आईला ओवाळून साडी दिली. लग्नानंतर ताईकडे ती निवांत राहायला अशी पहिल्यांदाच आली होती. ताई वाढताना सारखी डोळे टिपत होती आणि कांद्यावर ढकलत होती.

मंगळवार : बाजार

मंगळवारचा बाजार सकाळीच गाठावा. मिरच्या, मसाले, लसणाच्या माळा, मडकी, आणि एका रांगेत सुक्या मासळीच्या पाट्या. बोंबील, जवळा, वाकट्या, सुके बांगडे, सगळं आमच्या किनाऱ्यावरून आलेलं. समुद्रापासून इतक्या लांब, मधे सह्याद्री आडवा, आणि इथल्या बायका जवळा चिमटीत घेऊन वाळू आहे का ते अगदी आमच्यासारखाच बघत होत्या. आई एका विक्रेतीला म्हणाली की हा बोंबील नीट वाळलेला नाही, दांडा वाकतोय. विक्रेतीने वाद न घालता दुसरी पाटी पुढे केली. चांगला बोंबील मोडला तर कट्कन मोडला पाहिजे, हे तुम्हीही लक्षात ठेवा.

खरेदीचं थोडक्यात. शेंगांची चटणी घेताना बोटाने दाबून बघा, तेल सुटलेली असेल तीच घ्या. उन्हात गाडीत ठेवायची असेल तर स्टीलच्या डब्यात भरा, पुड्याच्या कागदातून तेल झिरपतं. कडक भाकरी सपाट डब्यात, मधे कागद घालून. चादर हात फिरवून घ्या, दोन्ही बाजूंनी नक्षी उठलेली दिसली पाहिजे.

दुपारी अक्कांनी आमच्या सोड्यांची आमटी केली. सोडे भाजून, वाटणात दाण्याचं कूट, आणि वाटीत कडक भाकरी चुरून वर ती आमटी ओतलेली. दोन मिनिटं झाकून ठेवायची, भाकरी निम्मी मऊ आणि निम्मी कुरकुरीत राहते. समुद्रावर वाळलेलं आणि काळ्या रानात वाळवलेलं एका वाटीत. सगळ्या मुक्कामात मला सगळ्यात आवडलेलं जेवण विचाराल तर हेच सांगेन.

बुधवार

पहाटेच निघालो. डिकीत हापूसच्या रिकाम्या पेट्यांमध्ये कुरडया, शेवया, सांडगे, चटणी, काळं तिखट, शेंगा पोळ्या आणि वहिनींनी दिलेले टॉवेल. मासळीच्या डब्यात कडक भाकरी भरायला आईने नकार दिला, त्यासाठी नवा डबा घेतला.

अक्कांना ताजी सुरमई खायला रत्नागिरीला बोलावलंय. मे महिन्यात येणार नाही म्हणाल्या, "वाळवणं कोण राखणार?" दिवाळी झाली की येतील.